रंगूचं गाव

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी रंगू लग्न होऊन म्हसळ्याकडच्या गावात गेली आणि तेरा वर्षांच्या राहीला फुगडी घालायला कुणी उरलं नाही. तिने हट्टच धरला, "आये, माझं पन लगीन लावा, पन रंगूच्याच गावात!" पोर स्वतःहून मागतेय म्हटल्यावर बाप हरखला. मुलगा रंगूच्या सासरच्या भावकीतच मिळाला. कायद्याला वय कमी पडत होतं, ते भटजींनी उभ्या उभ्या वाढवलं. पाठवणीला सगळ्या बाया रडल्या. राही एकटी हसत होती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर रंगू दिसताच ती घागर टाकून धावली, "रंगे!"



रंगूने मागे उभ्या असलेल्या आपल्या सासूकडे पाहिलं, पदर पुढे ओढला आणि हळूच म्हणाली, "नाव नको घेऊ गो. पाया पड. मी तुझी चुलतसासू हाय."