बासरी थांबते तिथं

दोन वर्षांपूर्वी बायको शिवम्मा वारल्यापासून पिंगळी गावातल्या घरात धोंडप्पा एकटेच राहत होते. पुतण्या लिंगराज कंपनीच्या कामानं जपानला जाऊन आला, तेव्हा त्यानं काकांसाठी एक कॅसेट आणली.

"एक म्हातारा बांबूची बासरी वाजवतो, अन् एक पोरगा विजेच्या यंत्रातून सूर काढतो. दोघांनी मिळून केलंय, काका. बोल न्हाईत त्यात. नुसतं ऐकत बसायचं."

धोंडप्पा रोज दुपारी ओसरीवर टेप लावून बसू लागले. तेवढा वेळ घरात कुणी असल्यासारखं वाटायचं.

आठव्या दिवशी बासरी थांबली, यंत्राची घुमघुम तेवढी उरली, आणि तिच्यातून शिवम्मानं विचारलं, "जेवलात का?"

त्यांनी कॅसेट मागं घेऊन पुन्हा लावली. त्याच जागी तोच प्रश्न, तिच्याच आवाजात.

त्यांना भीती वाटली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून तिनं विचारेपर्यंत ते उपाशी थांबू लागले. "न्हाई अजून, बसतो आता," असं म्हणून उठायचे आणि ताट वाढून घ्यायचे. दोन वर्षांत पहिल्यांदा अन्नाला चव आली होती.

एका सोमवारी प्रश्न आला. धोंडप्पांनी तोंड उघडलं, पण उत्तर कॅसेटमधूनच आलं. आवाज त्यांचाच होता, बोलण्याआधीचं खाकरणंही त्यांचंच.

"हो, आत्ताच जेवलो की."

बासरी पुन्हा सुरू झाली नाही. भांडी आवरल्याचा आवाज आला. मग शिवम्मा दबक्या आवाजात म्हणाली, "मंग भाईर ओसरीवर कोण बसलंय?"