ओट्याचं माप

कानिफनाथ गवंड्यानं रतनबाईच्या दारावर सात नंबरची पाटी ठोकली आणि आंब्याचं तोरण बांधता बांधता रतनबाईचे हात तिथंच थांबले.

"अवो, सात कुठं ठोकता? आमचा आठ हाय! चिठ्ठीत आठ निघालाय, साऱ्या सोसायटीनं बघितलंय."

दातात धरलेला खिळा बाजूला काढून कानिफनाथ म्हणाला, "मला काय इचारता? नकाशात उजवीकडचं सात हाय. आठ म्हंजे ते डावीकडचं."

झालं! पाडव्याचा मुहूर्त, सावेडीच्या माळावरल्या वीस नव्या घरांच्या किल्ल्या आज हातात पडायच्या, आणि रतनबाईचं घर निघालं शेजारच्या बिबीजानचं. एका भिंतीला पाठ लावून उभी असलेली जोडघरं ती, जुळ्या पोरींसारखी.

चूक कोणाची, हे विचारायची सोयच नव्हती. दुष्काळाच्या साली भिंती कमरेएवढ्या असताना रतनबाई माळीवाड्यातून तरातरा चालत आली, थेट उजवीकडच्या घरात शिरली आणि मागून आलेल्या बिबीजानला म्हणाली, "हे माझं, ते तुझं." रतनबाईनं एकदा सांगितलं म्हणजे नकाशातही तसंच असणार, असं बिबीजानला वाटलं. खुद्द रतनबाईलाही तसंच वाटत होतं. त्यानंतर विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी खरवडून काढून दोघींनी आपापल्या, म्हणजे एकमेकींच्या, भिंतींवर मारलं. दोघींचे हात सोलून निघाले, पण एका भिंतीला चीर जाऊ दिली नाही.

भिंतींचं एक वेळ सोडा. पण ओटा? बावीस वर्षं रतनबाई चुलीपुढं उकिडवी बसून भाकऱ्या थापत आली होती. गुडघे बोलायला लागले होते. नव्या घरात उभ्यानं स्वयंपाक करायचा, हे ऐकल्यापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. बाई चांगली उंचपुरी, दारातून वाकून जाणारी. कानिफनाथाच्या मागं लागून, कमरेला दोरी लावून तिनं आपल्या मापाचा ओटा बांधून घेतला होता. बिबीजान तिच्या खांद्याला जेमतेम लागायची. तिचा ओटा तिच्या मापाचा.

सोसायटीचे सेक्रेटरी श्रीमंतराव म्हणजे रिटायर झालेले तलाठी. नकाशाची गुंडाळी काखेत मारून ते आले.

"कागदावर आहे ते आहे," ते म्हणाले. "सात नंबर अलीमभाईंचा, आठ नंबर मच्छिंद्ररावांचा. दोन्ही घरं एका मापाची. सामान हलवा, झालं."

रतनबाईचा नवरा मच्छिंद्र एस.टी.च्या वर्कशॉपातला. रोज एंजिनं उघडणारा माणूस, पण बायकोपुढं त्याचं तोंड कधी उघडायचं नाही. बिबीजानचा नवरा अलीम कोर्टात कारकून.

"एका मापाची म्हनता?" रतनबाईचा आवाज चढला. डोळ्यांत पाणीही आलं होतं, पण ते तिनं पदराच्या टोकानं चटकन टिपलं. "या आत. तुमीच बघा. बिबी, ये गं, हुबी ऱ्हा हितं."

बिबीजान ओट्यापाशी उभी राहिली. ओटा तिच्या छातीला आला. टाचा उंचावून तिनं स्टोव्हपर्यंत हात नेला, तो पोचेना. मग सगळी वरात शेजारच्या घरात. तिथल्या ओट्यापुढं रतनबाई अशी कमरेत वाकली की सेक्रेटरींच्या पायाच पडतेय जणू.

"अवो श्रीमंतराव," ती तशीच वाकून म्हणाली, "जल्मभर असाच नमस्कार घ्यायचा का माझा?"

पहिलं हसू अलीमला फुटलं. मग कानिफनाथाला. श्रीमंतरावांनी दोन क्षण कपाळाला आठी ठेवून पाहिली, पण ती काही टिकली नाही. हसता हसता त्यांना ठसका लागला.

अलीमनं खिशातून फाउंटन पेन काढलं. "साहेब, दोघांची राजीखुशी असली तर अदलाबदल लिहून घ्यायला काय हरकत आहे? आमची आहे. मच्छिंद्रभाऊ?"

"माझी कवाच हाय," मच्छिंद्र म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदाच बोलला.

श्रीमंतरावांनी त्याच ओट्यावर नकाशा पसरला, सातावर आणि आठावर एकेक रेघ मारली, आकडे बदलले, खाली दोघांच्या सह्या घेतल्या. "पुढच्या सभेत मंजूर करून घेतो," ते म्हणाले, "आणि रतनबाई, यापुढं कुणाला घर दाखवायला जाऊ नका." कानिफनाथानं दोन्ही पाट्या उपटल्या आणि पुन्हा ठोकल्या. त्याच्या हातावर दोन्ही घरांनी साखरेची गाठी ठेवली.

मग रतनबाईनं तोरण बांधून पुरं केलं. स्टोव्ह पेटवून पातेल्यात दूध ठेवलं आणि ताठ उभी राहिली. गुडघा दुखेना, कंबर भरेना. दूध चढत गेलं, काठाला आलं आणि भसकन उतू गेलं. नव्या घरात पहिलं दूध असं उतू जाऊ द्यायचं, हे तिनं बिबीजानलाही भिंतींना पाणी मारता मारता सांगून ठेवलं होतं. रतनबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच हसायला लागली.

तेवढ्यात मधली भिंत पलीकडून थापटली गेली.

"आक्का! माझंबी गेलं उतू! सगळा ओटा भरला! आता काय करू?"

"काय करू म्हंजे?" रतनबाई भिंतीला तोंड लावून ओरडली. "पूस की! तुझाच ओटा हाय!"