रविवारी बंद

काचेच्या दारावर 'आज बंद' अशी पाटी लावून सलूनवाल्याने आपल्या लेकीला खुर्चीत बसवले. रविवारची सकाळ होती. सलूनवाल्याने रविवारी दुकान बंद ठेवायचे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, हे त्याला कोणी सांगायला नको होते.

कोर्टाने मुलगी आईकडे दिली होती आणि बापाला रविवार दिला होता. जगाला सुट्टी, म्हणून त्या दिवशी याला मान वर करायला फुरसत नसे. लेक बाकावर बसून परक्या माणसांच्या माना बघे आणि संध्याकाळी परत जाई. मागच्या वेळी तिने विचारले होते, "बाबा, माझे कधी कापणार?" तेव्हा तो म्हणाला होता, "पुढच्या रविवारी. नक्की."

तिच्या डोक्याला तोवर दुसऱ्या कोणाची कात्री लागलेली नव्हती. शिवाय या माणसाला समोरासमोर बसून बोलता येत नसे. हातात कात्री आणि पुढे आरसा असला की मात्र तोंड सुटे. बायकोचे केस लांबसडक, ती कधी खुर्चीत बसलीच नाही. घोडे तिथेच पेंड खात होते.

आज त्याने मनाशी ठरवले होते. कापता कापता तिला विचारायचे, नव्या घरात झोप लागते का, आणि जमलेच तर, इकडे यावेसे वाटते का.

ती केस रबरात घट्ट बांधून आली होती. त्याने रबर सोडले, मानेभोवती कापड बांधले, पाण्याचा फवारा मारला, कंगव्याने एक बट उचलून बोटांत धरली आणि थांबला. बटेची टोके एका रेषेत होती. त्याने कानामागची बट पाहिली, मग मानेवरची. सगळीकडे तेच.

"कोणी कापले?"

लेक आरशात बघत नव्हती. "आईच्या ऑफिसच्या खाली एक ताई आहे. बुधवारी शाळेत फोटो होता ना." मग घाईघाईने म्हणाली, "मी सांगितलं होतं, बाबाच कापणारे म्हणून. आई म्हणाली, बाबांना वेळ कुठे असतो."

आता आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. काही वाटले नाही. दात काढण्याआधी इंजेक्शन दिले की गाल जागेवर असतो पण आपला वाटत नाही, तसे झाले होते. कोर्टाच्या निकालाच्या दिवशीही असेच झाले होते. बाहेर येऊन त्याने चहा घेतला होता आणि दुकान उघडले होते. हात मात्र सवयीने चालत होते. त्याने दोन्ही बाजूंच्या बटा पुढे ओढून लांबी जुळते का पाहिले. पुन्हा पाहिले. एखादी चूक सापडली असती तर बरे झाले असते.

"चांगले कापलेत," तो म्हणाला. "हात चांगला आहे तिचा."

"मग आता काय करायचं?"

तिने सहज विचारले होते. संध्याकाळ लांब होती, दुकान बंद होते, आणि करण्यासारखे दुसरे काही त्याला सुचत नव्हते. तो कापडाची गाठ सोडायला लागला.

"सोडू नको ना. काप तू."

"काय कापू? कापण्यासारखं काही राहिलंच नाही."

"असंच. खोटं खोटं."

त्याने बट उचलली आणि टोकांच्या पलीकडे, नुसत्या हवेत कात्री चालवली. कच, कच, कच. काही पडले नाही, पण आवाज तोच होता.

"झोप लागते का तिकडे?" त्याने आरशातल्या लेकीला विचारले.

"लागते. पण आई माझ्याच पलंगावर येऊन झोपते. म्हणते, तुला भीती वाटत असेल."

"वाटते?"

"मला नाही वाटत."

"मान खाली घे." तिने घेतली. खाली घातलेल्या मानेला विचारणे त्याला सोपे गेले. "आणि इकडे यायचा कंटाळा येतो?"

"येतो," ती म्हणाली. "तू लोकांचेच केस कापत बसतोस." कात्री चालूच राहिली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आज नाही आला."

तेवढ्यात पलीकडचा चष्म्यांचा दुकानदार काचेला नाक लावून उभा राहिला. नेहमीचे गिऱ्हाईक. पाटीला न जुमानता त्याने दार ढकलले, डोके आत घातले, फरशीकडे पाहिले, कात्रीकडे पाहिले.

"अहो दादा, कात्री बोथट झाली की काय? एक केस पडेना! का तुम्हालाच चष्मा देऊ?"

"उद्या या," सलूनवाला म्हणाला. "हिचं अजून बाकी आहे."

लेक कापडाखाली हसू दाबत गदगदत होती. तोही हसत होता, हे त्याला आरशात दिसले तेव्हा कळले.

संध्याकाळी आई न्यायला आली. ती दुकानात पाय ठेवत नसे, दाराशीच उभी राहून हाक मारी. लेक धावत बाहेर गेली.

"आई, बाबाने कापले!"

आईने तिच्या केसांतून हात फिरवला. केस बुधवारी होते तेवढेच होते. तिने आत पाहिले. फरशी लख्ख होती, आणि तो खुर्चीमागे कात्री पुसत उभा होता, मान खाली घालून.

"बरं झालं," ती लेकीला म्हणाली, पण आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "फारच वाढले होते."