तिसऱ्या कप्प्यातली नाणी

जावईबापूंनी चोविसावं नाणं पुसून मखमलीवर ठेवलं, कप्पा उजेडात तिरका धरला आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले. तांबं असं लखलखत होतं की भिंतीवर कवडसे पडले होते.

दारात त्यांची बायको उभी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"अहो, काय करून बसलात हे? आईची जुनी नाणी कुणी घासतं का?"

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. बँडची वाद्यं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. काळवंडलेलं पितळ दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. स्वतःच्या घराची डागडुजी संपेपर्यंत दोघांचा मुक्काम सासूबाईंकडे होता, आणि नऊ दिवस आयतं जेवून ते ओशाळले होते. आज सासूबाईंचा मोठा दिवस. आपणही जरा हातभार लावावा, म्हणून पॉलिशची डबी घेऊन सकाळपासून बसले होते. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

बायकोने भराभर समजावलं. तांब्यावर तो काळपट थर चढायला शंभर वर्षं लागतात. तो गेला की नाण्याची रया गेली. नाणी जमवणारे एक वेळ चोराला माफ करतील, घासणाऱ्याला नाही. आणि चार वाजता नाणेसंग्राहक मंडळाचे परीक्षक घरी यायचे होते.

हे परीक्षक नाण्यांची किंमत करत नसत. ते वही तपासत. कुठलाही कप्पा उघडायचा, नाणं काट्यावर ठेवायचं आणि नोंदीशी ताडून पाहायचं. उत्तम नोंदवहीचा मान गेली दोन वर्षं एका दातांच्या डॉक्टरने पटकावला होता. यंदा तो आपलाच, असं सासूबाईंनी महिनाभर आधीच जाहीर करून टाकलं होतं. त्यांची एकतीस वर्षांची नोकरी दुकानांचे तराजू तपासण्यात गेलेली. त्यांच्या सासऱ्यांनी सुरू केलेली वही त्यांनी पुढे चालवली होती. प्रत्येक नाण्याचा क्रमांक, वजन, रंग, ते कुठून आलं, आणि शेवटी शेरा. एकाही ओळीत खाडाखोड नाही.

सासूबाई आल्या. त्यांनी कप्पा पाहिला, मग जावयाकडे पाहिलं. जावयाला बोल लावायची सोय नसते म्हणतात. पण या बाईंनी नुसत्या नजरेने दुकानदारांना घाम फोडलेला.

"हा कप्पा लपवू या का?" जावईबापू चाचरत म्हणाले. "नाहीतर लिहा ना, मिळाली तेव्हापासून अशीच आहेत. कुणाला कळतंय?"

"या वहीत खोटं जात नाही. काटा इकडे आणा."

मग दोघं बसले. जावईबापूंनी एकेक नाणं उचलून द्यायचं, सासूबाईंनी तोलायचं आणि लिहायचं. प्रत्येक नाणं एक-दोन शतांश ग्रॅमनी हलकं झालं होतं. नवं वजन, नवा रंग, आजची तारीख. चोवीस नाणी झाली आणि शेऱ्याची ओळ उरली.

"माझं नाव लिहा, आई. मी घाबरत नाही," जावईबापू म्हणाले. घाबरले होतेच. पुढे शंभर वर्षं जो कोणी ही वही उघडेल, त्याला या घरच्या जावयाची अक्कल कळणार होती.

सासूबाईंनी हात आडवा धरून शेरा लिहिला आणि वही मिटली.

परीक्षक आले. किडकिडीत गृहस्थ, गळ्यात भिंग. अकरा कप्प्यांतून त्यांनी नेमका तिसराच ओढला. नाणी पाहिली आणि कपाळाला आठी पडली. वही उघडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'आज सकाळी चोवीस नाणी घासली गेली. नवी वजनं समोर. चूक माझी.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, तुमच्या हातून?"

"लिहिलंय ते लिहिलंय. वजनं ताडून बघा."

सासूबाईंचा आवाज जरासुद्धा हलला नाही. जावईबापूंनी मात्र खुर्चीची पाठ घट्ट धरली.

परीक्षकांनी चोवीसच्या चोवीस नाणी तोलली. कुठे शतांशाचाही फरक नाही. "घासलेली नाणी डॉक्टरांकडेही आहेत," ते म्हणाले. "पण त्यांच्या वहीत लिहिलंय, सगळी जशी मिळाली तशी! रविवारी मान घ्यायला तुम्ही या."

आणि मग सहज मागची पानं चाळताना ते थबकले. निळी शाई फिकट झाली होती. "'क्रमांक सात, चांदीचं नाणं घासलं गेलं. चूक माझी.' हे अक्षर कुणाचं?"

"माझ्या सासऱ्यांचं."

"म्हणजे घराण्यातच आहे म्हणायचं!" परीक्षक हसले आणि चहा घेऊन गेले.

जावईबापूंना आता राहवेना. "आई, चूक माझी होती. खोटं जात नाही म्हणालात, आणि माझ्यासाठी..."

"खोटं कुठलं? घरात नवं माणूस आलं, त्याला काय घासायचं नाही हे सांगायचं कुणी? कपाटाला चावी लटकत ठेवली कुणी?"

जावईबापू जरा हसले. "तरी बरं, आजोबांनीही एक घासलं होतं."

सासूबाईंनी वही कपाटात ठेवली आणि कुलपाला चावी तशीच राहू दिली.

"त्यांनी जन्मात नाण्याला फडकं लावलं नाही," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा या घरात येऊन आठ दिवस झाले होते."