गवताच्या बाई

"बाई, कडी बाहेरून लावतोय हं. रागावू नका," असं म्हणून कारकुनाने खरोखरच कडी घातली.

वाळक्या गवताचा नमुना हातात धरून बाई तशाच उभ्या राहिल्या. आधी त्यांना थट्टाच वाटली. पण पावलं दूर गेली. माळावरच्या माहिती केंद्रामागच्या या कोठीला एकच झरोका, तोही छताशी. फोन बाहेर टेबलावर. "निवृत्तीचा दिवस आहे, नमुने तेवढे लावून द्या," असं गोड बोलून त्याने त्यांना आत धाडलं होतं. एरवी हा पठ्ठ्या नमुन्यांकडे ढुंकूनही पाहायचा नाही!

तेवढ्यात माळावर यंत्राची घरघर सुरू झाली.

बाईंनी कान टवकारले. माळावर प्लॉट पाडणार अशी कुजबुज महिनाभर चालली होती. बाई एकदा घरी बसल्या की विचारतंय कोण! तीस वर्षं त्यांनी शाळेच्या मुलांना हा माळ दाखवला. ही ओसाड जागा नव्हे रे बाळांनो, हे गवताचं घर आहे. त्याला ऊन हवं, भरपूर ऊन. डोक्यावर सावली आली की दोन-चार वर्षांत गवत संपतं, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षीही जातात. मुलं माना डोलवायची आणि डबे उघडायची.

त्यांनी दारावर थापा मारल्या. "अरे उघड! काय खणताय तिकडे?"

"जरा दम धरा, बाई. संस्थेच्या अध्यक्षांचा हुकूम आहे," दाराशी परतलेला कारकून म्हणाला.

"त्याला म्हणावं, यंत्र आधी माझ्या अंगावरून ने!"

बाहेर कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू त्यांच्या लेकीचं होतं. शहरात नोकरी करणारी, 'तुझी खरी लाडकी लेक म्हणजे ते गवत' असा टोमणा मारणारी. आईचं एक भाषण तिने कधी पुरतं ऐकलं नव्हतं. हीसुद्धा त्यांना सामील? बाई पेटीवर मटकन बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

दोन तासांनी कडी निघाली.

बाहेर शंभरेक माणसं टाळ्या वाजवत होती. मातीने माखलेले हात, ओळखीचे चेहरे, सगळे जुने विद्यार्थी. त्यांतलेच एक आता केंद्र चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष होते. त्यांनी बाईंच्या हातात कागद ठेवला.

"वाचा, बाई. प्लॉटबिट काही नाही. माळ कायमचा राखीव झाला. या क्षणापासून इथे जे जे उभं आहे, त्यातली काडीसुद्धा कुणाला तोडता यायची नाही. मला नाही, तुम्हालाही नाही!"

बाईंनी कागद दोनदा वाचला. सही होती, शिक्का होता. त्यांनी कारकुनाच्या पाठीत धपाटा घातला. "मेल्या, जीव गेला असता माझा! मग ते यंत्र कसलं रे?"

"ते ताईंना विचारा."

लेकीने मागून येऊन आईचे डोळे झाकले. तशीच हसत हसत तिने तिला माळाच्या कडेपर्यंत चालवत नेलं. इतका हलका जीव बाईंना कित्येक वर्षांत वाटला नव्हता.

लेकीने हात काढले.

"दोनशे झाडं, आई! आता तुझं गवत कधी उन्हात होरपळायचं नाही."