एक नंबरची स्लाइड

"लिहून टाक, एक नंबर निरोगी," चष्मेकाका भाचीच्या कानाशी पुटपुटले. ते प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. "पहिली स्लाइड नेहमी चांगल्या त्वचेचीच असते, तुलनेपुरती. तिच्याकडे कोण बघतंय!"

भाचीने मान हलवली, पण सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही.

टेबलापलीकडे आत्या बसली होती. प्रयोगशाळेची प्रमुख. आजच्या परीक्षेत पास झाली तर भाचीला स्वतःच्या सहीने अहवाल देता येणार होते. नाही झाली, तर वर्षभर जे पाठीमागे चाललं होतं ते तोंडावर ऐकावं लागणार होतं. म्हणे, आत्याच्या वशिल्याने आली आणि वशिलाही वाया घालवला.

आत्याने वशिला कधी लावला नाही. एकच धडा मात्र शंभरदा, न कंटाळता समजावला. "रंग देणाऱ्या पेशी ओळखायच्या तर त्यांच्यातलं प्रथिन शोधायचं. ते असेल तिथे लाल ठिपका उठतो. त्वचेचा रंग मुळात तपकिरी, म्हणून आपली खूण लाल. निरोगी त्वचेत ठिपके तळाशी, एका ओळीत, हातभर अंतर राखून उभे असतात. प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं जशी. ओळ मोडून कुणी वर चढायला लागलं की आपण दचकायचं."

दुसरी स्लाइड सोपी होती. साधा तीळ, पेशींचे नीट पुंजके, खाली जाता जाता बारीक झालेले.

पहिलीपाशी मात्र ती पुन्हा आली. एका कोपऱ्यात ओळ मोडली होती. एक ठिपका वर, मग आणखी दोन.

"दोन नंबर निरुपद्रवी तीळ," ती म्हणाली. "आणि एक नंबर... कर्करोग. रंगपेशींचा."

"अगं बाई!" चष्मेकाकांनी कपाळाला हात लावला. "ती तिळाशेजारची चांगली त्वचा आहे. मॅडम, तुम्हीच दिलीत ना निरोगी म्हणून?"

"मीच दिली," आत्या म्हणाली. "पोरी, अजून वेळ आहे. उत्तर बदलायचंय?"

भाचीने सूक्ष्मदर्शक आत्याकडे सरकवला. "नाही, आत्या. तुम्हीच बघा."

आत्या उठली आणि सूक्ष्मदर्शकावर वाकली. तिने स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिली. मग तिने विचारलं, "किती खोल गेलाय?"

"खोल नाहीच. अजून वरच्या थरात आहे. आता कापून काढला तर माणूस ठणठणीत बरा होईल."

"सही करशील याखाली?"

"करीन."

"कर मग. तुझा पहिला अहवाल."

भाचीने सही केली. आत्याने कागद उचलून चष्मेकाकांपुढे धरला. तिचा आवाज अभिमानाने भरून आला होता. "बघितलात आमचा वशिला? जे मी बघायची तसदी घेतली नाही, ते हिनं पकडलं!"

काका ओशाळून हसले. भाचीही हसली, आणि मग तिचं लक्ष कागदाच्या वरच्या ओळीकडे गेलं.

"आत्या, रुग्णाचं नाव राहिलंय. त्यांना आजच कळवायला हवं."

"कळलंय त्यांना," आत्या म्हणाली, आणि रिकाम्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं.