पाहुण्यांची फळी

"जयंती, चाय नको म्हणूस गं. चहा म्हण," गिरिजा स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली.

"चहाच म्हटलं, आई. मतलब, दुसऱ्यांदा."

बाहेरच्या खोलीत रत्नप्रभाबाई बसल्या होत्या. सांगलीच्या. जयपूरला मिलिटरीतल्या भावाकडे चार दिवस आल्या होत्या, आणि येताना मुलासाठी मुलगी बघायचं ठरवूनच आल्या होत्या. त्यांच्या राजनला फोटो पसंत होता. आईचा होकार तेवढा राहिला होता.

याआधीच्या स्थळाने 'मुलीला धड मराठी येत नाही' म्हणून नकार कळवला होता. खोटं तरी कसं म्हणावं? विम्याच्या नोकरीत बदली होऊन सदाशिवराव जयपूरच्या झोटवाड्यात आले, तेव्हा जयंती पाच वर्षांची होती. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी. मराठी काय ते घरातल्या तीन माणसांत.

रत्नप्रभाबाईंनी पिशवीतून पितळी अडकित्ता काढला, सुपारी कातरली, अडकित्ता परत पिशवीत ठेवला.

"इकडे करमतं का गं तुला?" त्यांनी जयंतीला विचारलं.

"हो. पण गर्मीत फार आंधी येते. सगळ्या घरात रेती रेती."

"बरं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

सदाशिवरावांनी आणलेली कचोरी त्यांनी अर्धीच खाल्ली. कुंकू लावून घेतलं आणि उठल्या. सदाशिवरावांनी नेहमीप्रमाणे पाहुण्यांची पिशवी उचलली आणि त्यांना फाटकापर्यंत, रिक्षात बसवायला गेले.

इकडे गिरिजाने सतरंजी उचलून पाहिली. खुर्च्यांखाली वाकली. तक्क्यामागे हात घातला की नाही, ते तिचं तिलाच कळलं नाही.

"काही नाही राहिलं?" जयंतीने विचारलं.

"नाही गं."

या घरात पाहुण्यांची एक फळी होती, देवांच्या शेजारीच. जयपूरला आल्या वर्षी गावाकडचं माणूस येऊन गेलं की गिरिजा दार लावून रडायची. मग एकदा इंदुबाई मावशींची फणी मागे राहिली, आणि वर्षाच्या आत मावशी परत आल्या. तेव्हापासून तिच्या मनाने घेतलं, की वस्तू राहिली म्हणजे माणूस परत येतं. देवच ती मागे ठेवून घेतो. भीमरावकाकांची चुन्याची डबी, नणंदेची साबणदाणी, कुणाच्या बाळाचं एक टोपडं. माणसं परत आली की गिरिजा त्यांची वस्तू पुढे करायची. जो तो हसून म्हणायचा, "राहू दे गं, पुन्हा येईन तेव्हा नेईन." रोज दोन्ही वेळा देवापुढे दिवा लावला, की तोच ती फळीलाही ओवाळायची. सकाळी त्याआधी तोंडात पाणी नाही.

नकार देणाऱ्यांचं मात्र काहीच राहिलं नव्हतं. ती माणसं घाईघाईने सामान स्वतःच उचलून निघून गेली होती.

सदाशिवराव आत आले. "काय ही धर्मशाळा! उद्या स्टेशनवरून हरवलेलं सामानही मागवून घे."

"थट्टा नका करू हो. पोरीचा प्रश्न आहे."

"बरं बाई. जा, दिवा लाव. सात वाजले."

गिरिजा हातपाय धुऊन आली. सवयीने तक्क्या सारखा करायला वाकली, आणि तिच्या हाताला गार पितळ लागलं.

अडकित्ता!

तिने तो कपाळाला लावला. मग फळीवर ठेवला आणि कितीतरी वेळ हात जोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास फाटकाशी सायकलरिक्षा थांबली. रत्नप्रभाबाई एकट्याच उतरल्या. रविवार होता, सगळे घरीच होते.

"माझा अडकित्ता राहिला का हो इथे?"

"राहिलाय ना! या, बसा." गिरिजाने खुर्ची पुढे ओढली.

रत्नप्रभाबाई बसल्या नाहीत. फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. "अगं बाई, दुकान मांडलंय की! हे सगळं कुणाचं?"

गिरिजा लाजली. उत्तर जयंतीने दिलं.

"ही फणी इंदुमावशींची. त्या आल्या की माझी वेणी घालतात, आणि खूप खेचतात. ही डबी भीमरावकाकांची. काकी आता नाही ना, म्हणून ते आले की आई त्यांना लसूणची चटणी करते, काकीसारखी. आणि हे टोपडं पमाआत्याच्या मुन्नूचं. तो आता एवढा मोठा झाला, त्याच्या डोक्यात पण नाही जाणार."

"तुला सगळ्यांचं सगळं माहीत?"

"माहीत नाही कसं? आपलीच तर माणसं आहेत. दूर आहेत, बस."

रत्नप्रभाबाईंनी फणी हातात घेतली, फिरवून पाहिली, जागच्या जागी ठेवली.

"माझ्या घरी दिवाळीला वीस पानं उठतात," त्या म्हणाल्या. "लसणीची चटणी म्हणायचं हो, पोरी. बाकी काय, बोलता बोलता येईल. मला माणसं धरून ठेवणारी सून हवी होती. गिरिजाताई, साखर आणा."

गिरिजाने साखर आणली. वाटी देवापुढे ठेवली आणि तिथेच बसून डोळे पुसत राहिली. जयंती वाकून नमस्कार करताना हसत होती की रडत, ते कळत नव्हतं.

जेवणं झाली. निघताना गिरिजाने अडकित्ता पुढे केला.

"राहू दे फळीवर," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "बोलणी करायला यायचंच आहे."

"देवाचीच कृपा हो!"

"तर काय!"

त्या फाटकापर्यंत आल्या. तेवढ्यात गिरिजाला लाडू आठवले, म्हणून ती डबा आणायला आत पळाली; जयंती तिच्या मागोमाग. सदाशिवरावांनी सवयीने पिशवीला हात घातला.

रत्नप्रभाबाईंनी पिशवीचे बंद हातातून सोडले नाहीत. घराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "आज पिशवी माझ्याकडेच असू द्या, व्याहीबुवा. काल इथेच तुम्ही अडकित्ता काढून खिशात घातलात, ते मी पाहिलं होतं. कशासाठी, तेवढं बघायला आज आले होते."